ग्वाल्हेरची बोट, बंगळूरचे विमान : वालचंद हिराचंद

एप्रिलचा पहिला आठवडा आला की आम्हाला दोन तारखा आठवतात. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आणि ८ एप्रिल ही शेठ वालचंद हिराचंद यांची पुण्यतिथी. ग्वाल्हेरला समुद्र नाही. सर्वात जवळचे बंदर गाठायचे तरी एक रात्र रेल्वेत काढावी लागते. तरीसुद्धा राष्ट्रीय सागरी दिन ज्या बोटीमुळे पाळला जातो ती बोट आपल्या ग्वाल्हेरच्या महाराजांची होती, ही गोष्ट आपल्या मंडळातील तरुण पिढीला फारशी ठाऊक नाही. ज्या माणसाने ती बोट विकत घेतली त्याने पुढे विमानांचा कारखाना काढला आणि त्याच्या कंपनीने हवाई वाहतूकही चालवली. त्या माणसाचे चरित्र या वेळी थोडक्यात सांगावे, असे आम्ही ठरवले.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, जैन, आडनाव दोशी. पण काही पिढ्यांपूर्वीच महाराष्ट्रात येऊन स्थिरावलेले. आपण ग्वाल्हेरकर मराठी माणसे हे चांगले समजू शकतो. आपले पूर्वज दक्षिणेतून उत्तरेत आले, त्यांचे पूर्वज पश्चिमेकडून दक्षिणेत गेले, आणि दोन्हीकडे घरातली बोली एक, अंगणातली बोली दुसरी, असा संसार झाला. वडील हिराचंद नेमचंद हे सोलापुरातील प्रतिष्ठित व्यापारी, सुधारक वृत्तीचे. वालचंदांची आई त्यांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली. शाळा सोलापूरला झाली, पुढचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पदवी मात्र पुरी झाली नाही. प्लेगने घरातली माणसे नेली आणि वालचंदांना पेढीवर बसावे लागले.

पेढीचा धंदा म्हणजे कापूस, धान्य आणि सावकारी. त्यात त्यांचे मन रमले नाही, आणि खरे सांगायचे तर यशही आले नाही. मग भेटले लक्ष्मणराव बळवंत फाटक. हे रेल्वेत कारकून होते. रेल्वेच्या कामाचे टेंडर कसे भरायचे, मोजमाप कसे होते, बिल कुठे अडकते हे त्यांना माहीत. वालचंदांकडे घरचे भांडवल आणि धीटपणा. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचे काम घेतले. ही अडीच फुटी रुळांची गाडी. आपल्या ग्वाल्हेर लाइट रेल्वेचे रूळ त्याहूनही अरुंद, दोन फुटी. श्योपूरची ती छोटी गाडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे, काहींनी तिच्या टपावर बसून प्रवासही केला आहे. इकडे माधवराव महाराज स्वतःच्या हौसेने संस्थानात छोटी रेल्वे वाढवत होते, तिकडे सोलापूरचा एक तरुण तशाच छोट्या रेल्वेच्या भरावाची माती टाकून घेत होता. दोघांचा एकमेकांशी अजून काही संबंध नव्हता.

फाटक-वालचंद कंपनी वाढत गेली. पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामांची कामे मिळाली आणि पैसा झाला. पुढे टाटांबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन, बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावापासून मुंबईपर्यंतच्या पाण्याच्या नळाचे काम, १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी. हा भाग मोठा आहे, पण या लेखात आम्ही त्यावरून भरभर पुढे जात आहोत, कारण आमचे लक्ष बोटीकडे आहे.

आता महाराजांकडे वळू. माधवराव शिंदे, म्हणजे आपले माधो महाराज, यांना यंत्रांचे विलक्षण वेड. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या टेबलावर फिरणारी चांदीची छोटी आगगाडी पाहुण्यांना दाखवायला आपण सगळेच नेतो. महाराज नुसते खेळण्यात रमणारे नव्हते. १९०० साली चीनमधील मोहिमेसाठी त्यांनी एक इस्पितळ-बोट दिली होती, तिचे नावच ग्वाल्हेर होते. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांनी इतर संस्थानिकांच्या साथीने तसेच दुसरे पाऊल उचलले. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची एम्प्रेस ऑफ इंडिया नावाची बोट विकत घेण्यात आली. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेली ही बोट वीस-बावीस वर्षे व्हँकुव्हर आणि हाँगकाँगच्या दरम्यान पॅसिफिक महासागर ओलांडत होती. तिच्यावर आजारी आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी खाटा बसवल्या गेल्या आणि १९१५ च्या सुरुवातीस तिला नवे नाव मिळाले : लॉयल्टी. निष्ठा. कोणाशी निष्ठा, हे त्या काळी सांगण्याची गरज नव्हती.

युद्ध संपले आणि इस्पितळ-बोटीची गरज उरली नाही. १९१९ च्या आरंभी वालचंद दिल्लीहून मुंबईला येत असताना रेल्वेच्या डब्यात एका ओळखीच्या इंग्रज गृहस्थाकडून त्यांना कळले की ग्वाल्हेरच्या महाराजांची बोट विकायची आहे, अशी हकीकत सांगितली जाते. मुंबईला उतरल्यावर ते तडक गोदीत बोट पाहायला गेले, असेही सांगतात. वालचंदांना बोटीच्या धंद्याची काहीही माहिती नव्हती. तोवर त्यांनी मातीचे भराव आणि दगडाचे पूल यांचाच हिशेब केला होता. पण त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास या मुंबईतील बड्या मंडळींना बरोबर घेतले, बोट घेतली आणि मार्च १९१९ मध्ये कंपनी नोंदवली. कंपनीला नाव दिले सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन.

शिंद्यांचे नाव इंग्रजीत गेले, तिथून सिंदिया होऊन परत आले आणि जहाजांच्या कंपनीला लागले. आजही विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याजवळच्या वस्तीला लोक सिंदिया म्हणतात आणि तिथे जाणाऱ्या बसवर ती पाटी असते. कण्हेरखेडच्या शिंद्यांचे नाव तेलुगू मुलखात एका बसथांब्याला मिळावे, असे महादजींच्या स्वप्नातही आले नसेल!

५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. हिंदी मालकीच्या कंपनीची बोट हिंदुस्थानातून विलायतेच्या मार्गावर निघाल्याचा हा दिवस म्हणून पुढे राष्ट्रीय सागरी दिन ठरला. खुद्द वालचंद आणि नरोत्तम मोरारजी त्या बोटीवर होते. लंडनला जाऊन त्यांना मालवाहू बोटी खरेदी करायच्या होत्या.

इथे आम्हाला एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. लॉयल्टी हा चांगला सौदा नव्हता. बोट जुनी होती, कोळसा फार खाई, आणि ती बांधली होती उतारूंसाठी. मालासाठी तिच्या पोटात हवी तशी जागा नव्हती. लंडनहून परतीला माल मिळवताना नाकीनऊ आले. दोन-तीन वर्षांत ती बांधून ठेवावी लागली आणि १९२३ मध्ये मोडीत काढली गेली. ज्या बोटीचा दिवस देश पाळतो ती बोट कंपनीला तोट्यात पडली होती. असे असूनही त्या खरेदीला आम्ही चूक म्हणणार नाही, कारण तिने एक दार उघडले. बंद दारावर पहिला धक्का मारणाऱ्या खांद्याला लागतेच.

ते दार कोणी बंद केले होते, हे समजल्याशिवाय वालचंदांचे पुढचे आयुष्य समजत नाही. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची आणि ब्रह्मदेशापर्यंतची मालवाहतूक तेव्हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या कंपनीच्या मुठीत होती. तिचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप. परदेशी कंपन्यांचे एक कडे होते आणि त्या कड्याची युक्ती मोठी साधी होती. व्यापाऱ्याने भाडे पूर्ण भरायचे. त्यातला काही हिस्सा त्याला परत मिळे, पण लगेच नाही, काही महिन्यांनी. आणि तोही मधल्या काळात त्याने दुसऱ्या कोणाच्या बोटीने एकही नग पाठवला नसेल तरच. म्हणजे व्यापाऱ्याचाच पैसा त्याच्यासाठी दावे बनत असे. रंगूनच्या तांदळाच्या व्यापाऱ्याला सिंदियाबद्दल कितीही आपुलकी असो, सिंदियाची बोट महिन्यातून एकदा येणार आणि इंग्रजांची आठवड्याला येणार. त्याने आपली अडकलेली रक्कम कशी सोडावी? शिवाय सिंदियाची बोट ज्या बंदरात लागे तिथे भाडी एकदम खाली आणली जात. मोठ्या कंपनीला एका मार्गावरचा तोटा दुसऱ्या मार्गावर भरून काढता येई. नव्या कंपनीचे तेवढेच एक पोट.

इंचकेप यांनी कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव पाठवला. तो नाकारला गेला. पण भाडेयुद्ध सोसवेना, तेव्हा १९२३ मध्ये सिंदियाने तह केला : दहा वर्षे आपला पसारा ७५,००० टनांपुढे न्यायचा नाही आणि किनाऱ्यापुरतेच राहायचे. स्वदेशीच्या भक्तांना हा तह रुचला नाही. आम्हाला वाटते, त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. मराठ्यांच्या इतिहासात पुरंदरचा तहही आहे, आणि तो करणाऱ्यांना कोणी भित्रे म्हणत नाही. किनारी वाहतूक हिंदी बोटींसाठी राखून ठेवावी म्हणून १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले, त्यामागेही सिंदियाचे बळ होते. विधेयक पार पडले नाही. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी मोटार अपघातात गेले आणि कंपनीची धुरा वालचंदांवर आली. ती त्यांनी १९५० पर्यंत वाहिली.

माल कोण पिकवतो याला जितके महत्त्व, तितकेच तो कोण वाहून नेतो यालाही आहे, हे या लढ्यातून वालचंद शिकले असावेत. ज्याच्या हाती वाहतूक, त्याच्या हाती भाव. बोटीवर त्यांना हे उमगले आणि मग त्यांचे लक्ष मोटारीकडे व विमानाकडे गेले.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासह त्यांनी मोटार कारखान्याची योजना आखली होती. सरकारने तिला पाठबळ दिले नाही. १९३९ मध्ये ते अमेरिकेत गेले ते मोटारींच्या बोलणीसाठी. परतताना पॅसिफिक ओलांडणाऱ्या पॅन अमेरिकन कंपनीच्या क्लिपर विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी पडली. पॉली चीनमध्ये विमाने जुळवण्याचा कारखाना चालवत होते. पाण्यावर उतरणारे ते विमान होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम, मनिला असे मुक्काम करत हाँगकाँगला जाई. प्रवास दिवसचे दिवस चाले आणि बोलायला वेळच वेळ. वालचंदांनी विचारपूस केली, खर्च काढला, आणि हिंदुस्थानात असाच कारखाना काढता येईल असा मनाशी निश्चय केला. आम्हाला यात एक गंमत दिसते. महाराजांची लॉयल्टी आपल्या तरुणपणी ज्या महासागरावर व्हँकुव्हर-हाँगकाँग करत होती, त्याच महासागरावर, तिच्या खरेदीनंतर वीस वर्षांनी, तिच्या खरेदीदाराला विमानाची वाट सापडली. बोट आणि विमान दोन्ही वेळा त्यांना प्रवासात, कोणाच्या तरी बोलण्यातून मिळाली.

दिल्लीच्या सरकारला विमानांचा कारखाना नको होता असे नाही, पण तो हिंदी माणसाच्या हाती द्यावा का, याचा निर्णय होईना. फ्रान्स पडला, इंग्लंडवर बाँब पडू लागले, तेव्हा कुठे कागद हलले. जागेचा शोध सुरू झाला. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला जमीन, पाणी, वीज आणि भांडवलात वाटा देऊ केला. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदवली गेली. पॉलीच्या माणसांनी अमेरिकेतून यंत्रे आणली. वर्षही पुरे व्हायच्या आत हार्लो जातीचे पहिले शिकाऊ विमान कारखान्यातून बाहेर पडून आकाशात गेले. ज्या देशात मोटारही बनत नव्हती त्या देशात विमान जुळवले गेले, आणि जुळवणाऱ्यांत बंगळूरच्या आसपासचे साधे सुतार-लोहार व इंजिनियरिंगची पोरे होती.

मग जपान युद्धात उतरला. सिंगापूर पडले, रंगून पडले. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणमवर बाँब पडले, जिथे वालचंदांच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला राजेंद्रबाबूंच्या हस्ते १९४१ च्या जूनमध्येच बसली होती. याच सुमारास सरकारने बंगळूरच्या कारखान्यातला वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. पैसे चोख मिळाले, किंबहुना वर काही मिळाले. पण दीड वर्षापूर्वी उभा केलेला कारखाना हातातून गेला. वालचंदांना हे फार लागले असणार. पैशाच्या हिशेबात हा सौदा नफ्याचाच दिसतो, आणि त्यांचे टीकाकार तेवढेच पाहतात. त्यांनी त्या पैशाने दुसरे काही केले नसते तर आम्हीही तसेच म्हटले असते.

१९४३ मध्ये कारखाना अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाकडे गेला. तिथे काय झाले ते आमच्या विषयाला थेट भिडते. जपानने ब्रह्मदेशचा रस्ता तोडल्यावर चीनला रसद पोहोचवायला एकच वाट उरली : आसामातल्या धावपट्ट्यांवरून उडायचे आणि हिमालयाचे पूर्वेकडचे पहाड ओलांडून कुनमिंगला उतरायचे. वैमानिक त्या वाटेला हंप म्हणजे मदार म्हणत. पेट्रोलची पिंपे, दारूगोळा, जीप, औषधे, सगळे विमानातून. १९४२ ते १९४५ या काळात सुमारे साडेसहा लाख टन माल या वाटेने गेला. पहाडात शेकडो विमाने कोसळली. एवढा माल, एवढ्या लांब, फक्त विमानांनी नेता येतो हे जगाने तिथे पहिल्यांदा पाहिले. आज ज्याला आपण एअर कार्गो म्हणतो त्याची ही खरी शाळा. त्या काळात पूर्वेकडच्या आघाडीवरील विमानांची दुरुस्ती बंगळूरच्या त्याच कारखान्यात होत होती.

वालचंद विमानांपासून दूर राहिले नाहीत. १९४३ मध्ये सिंदिया कंपनीने एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही हवाई कंपनी विकत घेतली. युद्धापूर्वी ही कंपनी मुंबई-काठियावाडकडे छोटी विमाने नेत असे. युद्धात तिचे काम थांबले होते. युद्ध संपताच अमेरिकन सैन्याची डाकोटा विमाने कवडीमोलाने विक्रीला निघाली आणि देशभर हवाई कंपन्यांचे पेव फुटले. डाकोटात खुर्च्या बसवल्या की वीस-पंचवीस माणसे, खुर्च्या काढल्या की अडीच-तीन टन माल. सकाळी उतारू, रात्री टपाल, अशी दुहेरी कामगिरीही त्याच विमानाकडून घेता येई.

आता हिशेब पाहा. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणमला पंडित नेहरूंच्या हस्ते सिंदियाची जलउषा पाण्यात उतरली, ८,००० टनांची. तेवढा माल डाकोटाने न्यायचा तर अडीच हजारांहून जास्त फेऱ्या. म्हणून धान्य, कोळसा, सिमेंट ही कायम बोटीची आणि रेल्वेची गिऱ्हाइके. विमानाकडे जाते ते हलके, मोलाचे किंवा तातडीचे : टपाल, औषधे, यंत्राचा अडलेला भाग, सोने, कधी फुले. आणि संकटात जे मागाल ते. फाळणीच्या दिवसांत, आणि २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला पहिले सैनिक उतरले तेव्हा, हवाई दलाच्या जोडीला खासगी कंपन्यांची डाकोटा विमानेच धावली. जवान, दारूगोळा, परतीला निर्वासित. वालचंदांसारख्यांनी जी विमाने धंद्यासाठी घेतली होती त्या जातीच्या विमानांनी त्या आठवड्यात काश्मीरची वाट उघडी ठेवली.

१९४९ च्या जानेवारीत रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले, त्याची गोष्ट मराठी माणसाला विशेष आवडेल. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरला जमत. धावपट्टीच्या कडेला थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. आजच्या बड्या माल-विमान कंपन्या ज्या पद्धतीने एका मध्यवर्ती विमानतळावर रात्री सगळी विमाने जमवतात, ती पद्धत आपल्या नागपूरने तेव्हाच पाहिली होती. एअर सर्व्हिसेसचा या सेवेशी संबंध नव्हता, हेही सांगून ठेवतो. पण ज्या काळात वालचंदांची कंपनी उडत होती तो काळ असा होता.

आणि ग्वाल्हेर? ग्वाल्हेरही या नकाशावर होते. ६ नोव्हेंबर १९३७ पासून टाटांची मुंबई-दिल्ली टपालविमाने इंदूर, भोपाळ करत ग्वाल्हेरला उतरत असत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी इंपीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी विमानेही विलायत-कलकत्ता वाटेवर ग्वाल्हेरजवळच्या जलाशयावर थांबत. म्हणजे बंदर नसलेल्या आपल्या गावाला काही काळ हवाई बंदर लाभले होते.

स्वातंत्र्यानंतर हवाई कंपन्या फार झाल्या आणि माल-उतारू तेवढेच राहिले. पेट्रोल महाग झाले. बहुतेक कंपन्या तोट्यात गेल्या. सरकारने न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिने १९५० मध्ये सांगितले की कंपन्या आपखुशीने एकत्र येऊन चारच उराव्यात. लगेच राष्ट्रीयीकरणाची गरज नाही. पण कंपन्या एकत्र आल्या नाहीत. प्रत्येकाला आपला झेंडा प्यारा. मराठी मंडळांचा अनुभव असलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

वालचंदांना हे शेवटपर्यंत पाहण्याइतकी प्रकृती उरली नव्हती. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामकाजातून निवृत्ती घेतली. १९५२ मध्ये विशाखापट्टणमचा जहाज कारखाना सरकारकडे गेला. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची मनोभावे सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले. त्यानंतर चार महिनेही झाले नाहीत तोच, १ ऑगस्ट १९५३ रोजी, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडियासह देशातल्या हवाई कंपन्या इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाल्या.

म्हणजे विमानांचा कारखाना, जहाजांचा कारखाना आणि हवाई कंपनी, तिन्ही सरकारजमा. कुर्ल्याची प्रीमियर मोटार, रावळगावची साखर आणि गोळ्या, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर एवढे घरच्यांकडे राहिले. सिंदिया कंपनीही पुढे दीर्घकाळ चालली, पण १९८० नंतर कर्जात बुडत गेली. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये सिंदिया हाउसची इमारत मात्र उभी आहे.

वालचंदांवर आक्षेप पुष्कळ होते. ते नेहमी ऐपतीपेक्षा मोठे काम अंगावर घेत, कर्ज काढून कारखाने उभारत, तापट होते. ज्या सरकारशी भांडत त्याच सरकारचे ठेके त्यांनी दोन्ही महायुद्धांत घेतले. हे सगळे खरे आहे. आमच्या महाराजांनी साम्राज्याच्या निष्ठेपोटी घेतलेली बोट त्यांनी साम्राज्याच्या कंपन्यांविरुद्ध वापरली, हेही तितकेच खरे.

मंडळातील मुलांसाठी एक गोष्ट. महाराजपुऱ्याच्या तळावरून उडणारी मिराज विमाने आपल्या घरांवरून जातात तेव्हा खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि अभ्यास थांबतो. त्या विमानांची मोठी देखभाल आणि आधुनिकीकरण बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये होते. वालचंदांनी १९४० मध्ये काढलेला कारखाना तो हाच. १९६४ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले.

आपल्यापैकी काही घरांतील आजोबा-पणजोबा सिंदिया कंपनीत, ग्वाल्हेर लाइट रेल्वेत किंवा जुन्या हवाई कंपन्यांत नोकरीला होते, असे आम्ही ऐकून आहोत. कोणाकडे त्या काळची छायाचित्रे, नेमणुकीचे कागद, बोटीवरून आलेली पत्रे असतील तर मंडळाच्या कार्यालयात आणून दाखवावीत. मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही. प्रत काढून लगेच परत करू.